टीममेट एकमेकांना भिडले की रेस कशी बघायची

फॉर्म्युला वन नुकतं बघायला लागलेल्यांसाठी लिहितोय, जुन्या लोकांनी तसंच पुढे गेलं तरी चालेल.

दोन वेगळ्या टीमच्या गाड्या भिडतात तेव्हा अर्धं उत्तर गाडीतच असतं, एकाची सरळ रस्त्यावर पळते, दुसऱ्याची वळणात चिकटून जाते वगैरे. एकाच टीमचे दोघं भिडले की हे कारणच निकालात निघतं. गाडी तीच, इंजिन तेच, वर याचा डेटा त्याला दिसतो आणि त्याचा याला, म्हणजे कुठल्या वळणावर समोरचा किती उशिरा ब्रेक मारतो हे दोघांनाही पाठ असतं. मग उरतं काय, तर टायर, बॅटरी, लाईन (म्हणजे वळण कुठून घ्यायचं ते) आणि हिंमत. म्हणूनच खरं ड्रायव्हिंग बघायचं असेल तर टीममेट्सची लढत बघा असं मी सगळ्यांना सांगतो.

तर सगळ्यात आधी टायर बघायचे. स्क्रीनच्या डाव्या बाजूला नावांची यादी असते तिथे लाल, पिवळा, पांढरा असा रंग दिसतो, लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. आणि नुसता रंग बघून भागत नाही, तो टायर किती लॅप झालाय ते पण बघा, कारण नवा मीडियम झिजलेल्या सॉफ्टला आरामात खातो. मागच्याचा टायर जास्त ताजा असेल तर हल्ला होणार हे धरून चाला, सारखाच असेल तर मागचा बहुतेक पुढच्याच्या गरम हवेत स्वतःचेच टायर तापवत बसणार.

आता उदाहरण घेऊ, बहारीन 2014. या विषयावर एकच रेस बघायची असेल तर हीच. मर्सिडीजचे हॅमिल्टन आणि रोझबर्ग, बाकी सगळं मैदान मागे. मालडोनाडोने गुटिएरेझची गाडी अक्षरशः पलटी केली, सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालायला लावणारी पुढची गाडी) आली, आणि रेस परत सुरू झाली तेव्हा साधारण दहा लॅप उरले होते. हॅमिल्टन पुढे पण मीडियमवर, रोझबर्ग मागे आणि सॉफ्टवर, म्हणजे कागदावर रोझबर्गच जिंकायला हवा होता. पिटवॉलवरून, म्हणजे टीमचे लोक बसून रेस चालवतात तिथून, दोघांनाही निरोप गेला की दोन्ही गाड्या धड घरी आणा. पण भांडू नका असं काही कोणी म्हटलं नाही.

तिथलं पहिलं वळण उजवीकडे जातं, लांब सरळ रस्ता संपून एकदम जोरात ब्रेक. रोझबर्ग तिथे परत परत आतून घुसतो, आणि नवीन माणूस बघताना ओरडतोच, गेला गेला! नाही हो, गेला नाही. नीट थांबून बघा काय होतं ते. आतून उशिरा ब्रेक मारून घुसलेली गाडी वळणाच्या मध्यावर जास्त वेगात असते, त्यामुळे ती बाहेर वाहत जाते आणि ॲक्सिलरेटर द्यायला तिला उशीर होतो. हॅमिल्टनला हे माहितीये. तो घाबरून दार लावायला जात नाही, त्याला जाऊ देतो, स्वतः क्षणभर आधी ब्रेक मारतो, गाडी सरळ करून मागून आतल्या बाजूला काढतो आणि रोझबर्ग अजून स्टिअरिंग वळवत असताना हा फुल थ्रॉटलवर असतो. चौथ्या वळणापर्यंत जाईतो हिशोब परत हॅमिल्टनच्या बाजूने. शेवटी जिंकला तो 1.085 सेकंदांनी.

म्हणून माझा नियम साधा आहे, कोण आत घुसला यावर टाळ्या वाजवू नका, वळणातून बाहेर पडताना कोणाची गाडी आधी सरळ झाली ते बघा. टीव्हीवर रिप्ले बहुतेक ब्रेकिंगचा दाखवतात, कारण तिथे धूर निघतो, चाक लॉक होतं, मजा येते. ओव्हरटेक मात्र नंतरच्या दोन सेकंदांत ठरतो. ऑनबोर्ड कॅमेरा मिळत असेल तर मागच्या गाडीचा लावा, पुढच्याचा नको, मागच्याचे हात दिसले की तो हल्ला करतोय की कट मारून परत यायची तयारी करतोय ते लगेच कळतं.

बॅटरीचं पण एक सांगून ठेवतो. गाडीच्या मागे जो लाल दिवा आहे तो कोरड्या रेसमध्ये लुकलुकायला लागला तर समजायचं की गाडी वीज साठवतेय, पूर्ण ताकद लावत नाहीये. बार्सिलोना 2016 आठवा. रोझबर्गने पहिल्याच वळणात बाहेरून हॅमिल्टनला मागे टाकलं, पण त्याचा इंजिन मोड चुकीचा लागलेला, तिसऱ्या वळणानंतर गाडी एकदम मंदावली, दिवा लुकलुकतोय, हॅमिल्टन प्रचंड वेगाने मागून आला आणि उजवीकडची जागा बघून घुसला, रोझबर्गने त्याच बाजूला दार बंद केलं, हॅमिल्टन गवतावर, गाडी फिरली, दोघंही पहिल्याच लॅपला बाहेर. जिंकला कोण तर 18 वर्षांचा फेर्स्टापन, रेड बुलसाठी पहिलीच रेस! 2026 पासून तर साधारण निम्मी ताकद विजेची आहे आणि डीआरएस (सरळ रस्त्यावर मागचा विंग उघडून ओव्हरटेकला मदत करणारी सोय) पण गेलं, त्यामुळे कोणी बॅटरी कुठे खर्च केली हे बघणं आता आणखीच गरजेचं झालंय.

चूक कोणाची हा वाद आता. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून मैत्री तुटायची वेळ येते, तेव्हा निकष माहीत असलेले बरे. एफआयएने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संघटनेने, स्ट्युअर्ड्ससाठी (चूक कोणाची ते ठरवणारे पंच) मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांचा सोपा अर्थ असा: आतून जाणाऱ्याचा पुढचा ॲक्सल (पुढच्या चाकांची रेषा) वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूशी, म्हणजे एपेक्सला, निदान समोरच्याच्या आरशाच्या रेषेत हवा, तरच त्याला जागा मागायचा हक्क. बाहेरून जात असाल तर आणखी कडक, तुमचा पुढचा ॲक्सल त्याच्या पुढच्या ॲक्सलच्या पुढे हवा. वर गाडी ताब्यात पाहिजे आणि वळण ट्रॅकच्या आत राहून पूर्ण करता आलं पाहिजे. बचाव करणाऱ्याला एकदाच लाईन बदलता येते, आणि ब्रेक मारताना हलायचं नाही. त्यामुळे रिप्ले एपेक्सवर थांबवा, चाकं कुठे आहेत ते बघा, मग बोला.

हा निकष लावून ऑस्ट्रिया 2016 चा शेवटचा लॅप बघा. रोझबर्ग आतून, ब्रेकचा त्रास चालू, हॅमिल्टन बाहेरून पूर्ण बरोबरीत, आणि रोझबर्ग वळतच नाही, सरळ जात राहतो. धडक त्याच्याच अंगाशी आली, पुढचा विंग मोडून चौथा आला, वर 10 सेकंदांची पेनल्टी. इथे मला तरी काही शंका नाही. सुझुका 1989 मात्र पन्नास वेळा बघून पण सुटत नाही, सेना शिकेनच्या (लागोपाठची उलटसुलट वळणं) आत नाक घालतो, प्रॉस्ट नेहमीपेक्षा लवकर वळतो, दोन्ही मॅक्लारेन एकमेकांत अडकून उभ्या. सेना ढकलून घेऊन परत निघाला, रेस जिंकला, मग डिस्क्वालिफाय झाला आणि चॅम्पियन प्रॉस्ट. माझं मत विचाराल तर प्रॉस्टने दार मुद्दाम लावलं, पण सेनाने पण ते उघडं आहे असं जरा जास्तच धरून चाललं होतं.

आणि नुसत्या ट्रॅकवर बघून टीममेट्सचं भांडण कळत नाही, रेडिओ ऐकायलाच लागतो. 2013 ला सेपांगमध्ये रेड बुलचा निरोप होता मल्टी 21, म्हणजे 2 नंबरची गाडी पुढे, 1 नंबरची मागे, वेबर पुढे आणि वेटल मागे. वेटलने ऐकलं आणि तरी पुढे गेला. वेबरने इंजिन आधीच आरामात टाकलेलं होतं, म्हणून तो ओव्हरटेक दिसायला भारी असला तरी मी त्याला पूर्ण मार्क देत नाही. याच्या उलट हंगेरी 2024, मॅक्लारेनने मागच्या नॉरिसला आधी पिटला, म्हणजे टायर बदलायला, बोलावलं, त्यामुळे तो पियास्ट्रीच्या पुढे निघाला, मग रेडिओवर विनवण्या, समजावणी, आणि शेवटचे दोनेक लॅप उरलेले असताना नॉरिसने जागा परत दिली. पियास्ट्रीचा तो पहिला विजय. अशा वेळी प्रश्न विचारायचा तो एवढाच की पिटला आधी कोणाला बोलावलं आणि का, बहुतेक टीममध्ये पुढच्याचा पहिला मान असतो आणि तो मोडला की पुढचा सगळा तमाशा ठरलेला.

सरावासाठी कॅनडा 2025 लावा, आपल्याकडे रात्री साडेअकराला होती म्हणून खूप जणांची हुकली असेल. शेवटचे काही लॅप, चौथ्या जागेसाठी पियास्ट्री पुढे नॉरिस मागे. नॉरिस हेअरपिनला (यू-टर्नसारखं वळण) आतून घुसतो, पियास्ट्री पुढच्या सरळ रस्त्यावर परत घेतो, शिकेनमधून बाहेर पडताना दोघं चिकटलेले, आणि नॉरिस डावीकडे भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अशी जागा शोधतो की जी नाहीच. मागून धडक, नॉरिस बाहेर, आणि रेडिओवर लगेच कबूल की माझीच चूक. रिप्ले हेअरपिनपासून लावा, शेवटच्या धडकेपासून नको. शिकेनच्या एक्झिटला पियास्ट्रीची गाडी आधी सरळ झालेली तुम्हाला आता स्वतःलाच दिसेल.