लष्करी धाटणीचा पार्का घेण्याआधी उलटा करून बघा

पार्का म्हणजे टोपी जोडलेला, थंडीसाठीचा लांब जाड कोट. रत्नागिरीत तो लागतो बोटीवर जाणाऱ्या पोरांना. जानेवारीत बोट उत्तर युरोपातल्या बंदराला लागली, तरी डेकवर उभं राहावंच लागतं. अलीकडे हिवाळ्यात लडाखला निघणारी मंडळीही पार्का घेतात. बाही आखूड करायला, चेन बदलायला हे सगळे माझ्याकडे येतात, म्हणून पार्का मला आतून ठाऊक आहे. बाहेरून सगळेच हिरवे, खिशांनी भरलेले आणि रुबाबदार असतात. पैसे द्यायचे ते आतल्या कामाचे.

आधी हातात काय आलंय ते ओळखा. पाठीमागे खालच्या घेराला माशाच्या शेपटीसारखी चीर असेल, तर तो अमेरिकी सैन्याच्या एम-५१ च्या घराण्यातला, म्हणजे कोरियाच्या युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये आलेला नमुना. ती चीर शोभेची नाही. शेपटीची दोन्ही टोकं नाडीने मांड्यांभोवती बांधली की खालून वारा शिरत नाही. नकलेत बऱ्याचदा शेपटी असते आणि नाडीच नसते. या पार्क्याचं बाहेरचं कापड फक्त वारा अडवतं. ऊब असते ती काढता-घालता येणाऱ्या अस्तरात. तेव्हा जुना माल घेताना पहिला प्रश्न हाच: अस्तर सोबत आहे का? असेल तर ते तिथेच लावून बघा, कारण दुसऱ्याच पार्क्याचं अस्तर आत कोंबलेलं असलं की काजं आणि बटणं जुळत नाहीत.

दुसरं घराणं एन-३बी चं. हा अमेरिकी हवाई दलाचा, नायलॉनचा आणि मांडीपर्यंत लांब. याचं भरण आतच शिवलेलं असतं, आणि चेन वरपर्यंत ओढली की टोपीचा बोगदा होऊन चेहरा आत जातो. एम-६५ म्हणाल तर त्या नावाचा पार्काही आहे आणि फील्ड जॅकेटही, आणि विकणारे दोन्ही एकाच नावाने विकतात. शेपटी नसलेलं, कंबरेच्या जरा खाली संपणारं ते जॅकेट. त्याच्या भरवशावर लडाखच्या थंडीत जाऊ नका.

ऊब धरून ठेवते ती भरणात अडकलेली हवा. ती हवा हलली की ऊब गेली. उणे १० अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. म्हणून पहिली परीक्षा वाऱ्याची. बाहेरचं कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंकर मारा. पलीकडे हात धरल्यावर हवा सहज लागत असेल, तर आतलं भरण कितीही जाड असो, डेकवर उपयोग नाही.

मग पार्का पूर्ण उलटा करा. सुटं अस्तर असेल तर ते उजेडासमोर धरा, पातळ जागा लगेच दिसतात. भरण आत शिवलेलं असेल तर दोन बोटांच्या चिमटीत धरून खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपत या. माझ्या अनुभवात स्वस्त माल दोन जागी उघडा पडतो: खांद्यावर आणि बगलेत. खांद्यावर तर भरण जास्तच हवं, कारण बॅगेचा पट्टा ते दाबून टाकतो, आणि दाबलेल्या भरणात हवा उरत नाही. मूठभर भाग घट्ट दाबून सोडा. लगेच फुगला तर चांगलं. चपटा राहिला तर ते भरण बसलेलं आहे.

भरणाच्या टिपा बाहेरच्या कापडापर्यंत आल्या असतील तर तो पार्का मी बाजूला ठेवते, कारण प्रत्येक टिपेवर भरण शून्य होतं आणि सुईच्या भोकातून वारा येतो. टिपा फक्त अस्तरापर्यंत हव्यात, वर अख्खं कापड. शिलाईत इंचाला आठ-दहा टाके असावेत, खिशाच्या टोकांना टाका पक्का केलेला असावा. चेनीवर पट्टी आणि ती बंद करायला टिचबटणं हवीत. चेन खालूनही उघडणारी असली तर बसताना घेर ताणत नाही. बाहीच्या आत विणलेली रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, असावी आणि ती मनगटाला धरावी.

पिसांचं भरण हलकं आणि उबदार खरं, पण भिजलं की गोळा होतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत धुऊन वाळवायचं म्हणजे जिवाला घोर. कोकणात राहणाऱ्याने पॉलिस्टरचंच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. बोटीवरच्यांनी तर नक्कीच.

लेबलवर 'उणे ४०' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आत काय घातलंय, माणूस चालतोय की उभा आहे, हे त्या आकड्यात नसतं. थंडीत घालायच्या कामाच्या कपड्यांसाठी युरोपचं ईएन ३४२ हे मानक आहे. त्याचा शिक्का असेल तर त्याला अर्थ आहे. अस्सल अमेरिकी जुन्या मालाच्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक असतो. 'डीएसए १००-६७' (डीएसए म्हणजे तिथल्या सैन्याचं पुरवठा खातं) अशी सुरुवात असेल तर ते कंत्राट १९६७ या आर्थिक वर्षाचं. मात्र अस्सल म्हणजे उबदार असं समजू नका, साठ वर्षांत भरण बसून जातं.

खरी परीक्षा घ्यायची तर आपल्याकडे सोय आहे. मिरकरवाड्याकडे मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओळख असेल तर विचारा. गोठवलेली मासळी उणे १८ किंवा त्याहून थंडीत ठेवतात. परवानगी घेऊन, दारापाशी माणूस ठेवून, आत दहा मिनिटं ब्लोअरसमोर स्वस्थ उभे राहा. हालचाल करू नका, नाहीतर अंगाच्या उबेचं श्रेय पार्क्याला जातं. थंडी आधी कुठे लागते ते लक्षात ठेवा: मान, मनगट की कंबर. मान किंवा मनगट असेल तर मफलर आणि रिबने भागतं. पाठीवर गार पट्टे जाणवले तर परत करा. जाताना आत घालायचा स्वेटर घालूनच जा. स्वेटरवर पार्का आवळत असेल तर एक माप मोठा घ्या.

इथे कपाटात काही वर्षं पडलेला पार्का कुणी दिला, तर कापडाच्या आतल्या बाजूला लेप असेल त्यावर नख ओढा. दमट हवेने तो लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात; त्यावर इलाज नाही. पितळी चेन खाऱ्या हवेने हिरवी पडली असेल तर ब्रशने घासून मेण लावा. दात झिजले असतील तर बदला. बुरशीचा वास धुऊनही गेला नाही तर घेऊ नका. आणि आपला पार्का जूनआधी धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरला सैल टांगा. हवा काढलेल्या पिशवीत दाबून पावसाळाभर ठेवू नका.