जुना फ्लॅट घेतल्यावर काम कुठून काढायचं

मागच्या वर्षी आम्ही मुलुंड पूर्वेला जुना वन बीएचके घेतला, बिल्डिंग १९८६ ची, तीन मजली, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. किल्ली मिळाली त्या संध्याकाळी घरातले सगळे रंग कुठला, किचनला ट्रॉल्या कशा, हॉलला पीओपी करायचं का ह्यावरच बोलत होते, मी पण. आता तिथे राहून एक अख्खा पावसाळा काढलाय म्हणून सांगते, जुन्या घरात पहिला पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर घालू नका. भिंतीच्या आणि लादीच्या आत जे जातं ते आधी, म्हणजे पाण्याचे पाईप, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग, वायरिंग. ट्रॉल्या दोन वर्षांनी पण बसवता येतात, पण माणसं राहत असताना बाथरूम उखडायची वेळ आली तर काय हाल होतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

आणि मिस्त्रीला बोलवायच्या आधी खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. खरंच. आमच्या घराची आम्ही तीन वेळा पाहणी केली होती, मालकाने नवा रंग मारून ठेवलेला, सगळं चकाचक. खालच्या काकूंकडे ओळख करून घ्यायला गेले तर त्या मला हाताला धरून त्यांच्या बाथरूममध्ये घेऊन गेल्या. वर बघते तर छताला चहासारखे तपकिरी गोल, एकात एक, आमच्या नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) बरोबर खाली सिमेंटचा पोपडा सुटलेला आणि आत गंजलेली सळई दिसतेय, आणि त्याच्या खाली श्रीखंडाचा रिकामा डबा तारेने पाईपला बांधलेला. सहा वर्षं त्या एक दिवसाआड तो डबा ओतून परत बांधत होत्या. आमच्या घरात उभं राहून हे कधीच कळलं नसतं, कारण बाथरूमच्या जमिनीची गळती बहुतेक वेळा खालच्या घरात दिसते. तसंच वरच्यांकडे पण जा, तुमच्या छताला ओल असेल तर ती त्यांच्या बाथरूमची आहे की बाहेरच्या भिंतीची ते आधी ठरवा, वरच्यांचं काम झाल्याशिवाय तुमचा रंग टिकणार नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधीत (म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत) सरळ आहे, टेरेस आणि बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी सोसायटीच्या खर्चाने बंद करायचं आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती त्या मेंबरच्या खर्चाने. हे माहीत असलं की अर्धी भांडणं होतच नाहीत.

सोसायटीचं बोललेच आहे तर तेही उरकते. सेक्रेटरींकडे लेखी अर्ज, कुठलं काम करणार त्याची यादी, डिपॉझिट, कामाच्या वेळा (आमच्याकडे दुपारी तोडफोड बंद), मजुरांचे आधार कार्ड. राडारोडा जिन्यात किंवा गेटबाहेर टाकायचा नाही, तो गोण्यांत भरून टेम्पोने जातो आणि लिफ्ट नसेल तर प्रत्येक गोणीला मजल्यामागे मजुरी लागते, हे कोटेशनमध्ये आधी लिहून घ्या, कारण एक बाथरूम आणि ओटा तोडला की गोण्यांचा डोंगर होतो.

एक कागद मात्र हट्टाने मागा, स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट, म्हणजे बिल्डिंग किती मजबूत आहे त्याची इंजिनिअरने केलेली तपासणी. मुंबईत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला तो महापालिकेच्या कायद्याने सक्तीचा आहे, कलम ३५३ ब. त्यात बिल्डिंग कुठल्या वर्गात आहे ते लिहिलेलं असतं, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आणि त्याच वेळी रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय ते पण विचारून घ्या, नुसतं 'बोलणं चालू आहे' हे उत्तर घेऊ नका, जनरल बॉडीत ठराव झाला का, आर्किटेक्ट नेमला का, टेंडर निघालं का ते विचारा. तीन-चार वर्षांत बिल्डिंग पडणार असेल तर इटालियन मार्बल कशाला, तेव्हा पाणी, वीज, रंग एवढंच करा आणि फर्निचर उचलून नेता येईल असं घ्या. आमच्याकडे अजून ठराव नव्हता म्हणून आम्ही मधला मार्ग धरला.

भिंती पाडायचं डोक्यात असेल तर थांबा. कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही, वायरच्या खाचा पाडायला सुद्धा नाही, इलेक्ट्रिशियनची माणसं कटर घेऊन बीममधून शॉर्टकट काढतात, तिथे उभं राहा. बाथरूम-संडास किंवा किचनची जागा बदलायला जाऊ नका, तुमचं बाथरूम खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर आलं की त्यांचं घर गेलंच समजा. आणि वजनाचा विचार करा. जुन्या लादीवर दोन इंचाचा नवा सिमेंट-वाळूचा माल टाकून टाईल बसवायची म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीत नुसत्या मालाचंच वजन जवळपास एक टन होतं, टाईल वेगळी. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर हे कशाला? टाईल हवीच असेल तर जुनी लादी काढून तरी टाका नाहीतर लेव्हल चांगली असेल तर अ‍ॅडेसिव्हवर पातळ थरात बसवा.

आता बाथरूम, ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्ही पण घाला.

जुन्या बिल्डिंगमध्ये पाण्याचे पाईप बहुतेक जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. आमचा एक तुकडा कापल्यावर प्लंबरने माझ्या हातात दिला, बाहेरून अर्ध्या इंचाचा पाईप आणि आत गंज साचून साचून पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक उरलेलं. आधीचे मालक पाण्याला प्रेशर नाही म्हणून पंप बसवायच्या मागे होते! असे पाईप अर्धे ठेवून अर्धे बदलू नका, घरातले सगळे काढा, गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप) लागतो, थंडला पण तोच चालतो.

तोडताना नुसती लादी काढून थांबायचं नाही. जुन्या बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे-माती भरलेली, तो सगळा भराव वर्षानुवर्षं भिजून स्पंजासारखा झालेला असतो, तो खालच्या आरसीसीपर्यंत, म्हणजे सळई-काँक्रीटच्या स्लॅबपर्यंत काढायचा. आमचा भराव निघाला तेव्हा काळा आणि ओला होता आणि वास असा की खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं. मग स्लॅब घासून साफ, गंजलेल्या सळ्या ब्रशने घासून त्यावर गंजरोधक, भेगा भरून घेणं, कोपऱ्यात भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे गोलाई, मग वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, आणि ते भिंतीवर पण चढवायचे, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. नहाणी ट्रॅपच्या कडेने तर स्वतः बोट फिरवून बघा, पाणी तिथूनच उतरतं.

मग ट्रॅपला बोळा लावून पाणी भरा. कमीत कमी २४ तास, आम्ही ४८ तास ठेवलं. भिंतीवर पाण्याची पातळी पेन्सिलने मारून ठेवा आणि खाली जाऊन बघा. काकूंनी तो डबा अजून काढला नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टुलावर चढून त्यात हात घालून बघितला, कोरडा. त्यानंतरच आम्ही नवा भराव आणि त्यावर कोबा (सिमेंटचा कडक थर) घातला, आणि कोबा झाल्यावर परत एकदा पाणी भरलं. मिस्त्री कंटाळतो, म्हणतो ताई माझी गॅरंटी आहे. असू दे गॅरंटी, पाणी भरायचंच. लादी बसताना उतार तपासायला मुलाची गोटी घेऊन जा, कुठल्याही कोपऱ्यातून सोडली तरी ती ट्रॅपकडेच गेली पाहिजे.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. भिंतीतल्या पाईपांची प्रेशर टेस्ट न करताच आमच्या प्लंबरने एका दुपारी, मी ऑफिसात असताना, खाचा बुजवून टाकल्या. तिसऱ्या दिवशी हॉलच्या बाजूने तळहाताएवढा ओला डाग. एक एल्बो, म्हणजे पाईप वळवायचा जोड, नीट चिकटलाच नव्हता. परत भिंत फोडली, परत गिलावा, आठ दिवस गेले. तेव्हा भिंत बुजवायच्या आधी हातपंप लावून पाईपांत प्रेशर भरायचं आणि काटा तासन् तास खाली येत नाही ना ते बघायचं, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

वायरिंगचं थोडक्यात पण नीट सांगते. जुन्या घरात बऱ्याचदा दोनच वायर असतात, अर्थिंग नसतंच, तीन पिनचं सॉकेट नुसतं दिसायला. सगळी वायर नवीन तांब्याची, लाईट-पंख्याला १.५ चौरस एमएम, सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला ४ आणि त्यांची लाईन वेगळी. फ्यूज काढून एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच, गीझरजवळ ओल्या हाताने शॉक लागला तर जीव वाचवणारी ती आहे. अर्थिंग खाली मीटर रूमपर्यंत पोचतंय का ते तपासून घ्या. दोन एसी लावणार असाल तर मंजूर लोड वाढवायचा अर्ज पहिल्या आठवड्यातच करा, मुलुंड-भांडुपला महावितरण, मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा. स्विच-वायर घ्यायला मी लोहार चाळीत गेले होते, एकाच गल्लीत सगळं मिळतं आणि तीन दुकानांत भाव विचारता येतो, फक्त बिल घ्या. आणि गॅसच्या पाईपला आपल्या प्लंबरला हात लावू देऊ नका, तो हलवायचा असेल तर महानगर गॅसला कळवा, त्यांचीच माणसं येतात, आणि तो पाईप टाईलच्या किंवा कपाटाच्या मागे बंद करायचा नाही.

आता जे तोडू नये त्याबद्दल, कारण ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या हॉलला मोझॅक लादी होती, पिवळट, त्यात हिरवे-लाल खडे, वर इतका मळ की करडी दिसत होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काढून टाकू. सासूबाईंनी एका कोपऱ्यात ओल्या फडक्याने आणि वाळूने घासून दाखवलं आणि आतला रंग बाहेर आला. मग घासायचं मशीन लावलं, सांधे भरले, पॉलिश केलं, तीन दिवसांचं काम, राडारोडा नाही, वजन वाढलं नाही आणि पावसाळ्यात पाय पण घसरत नाही. सागवानी चौकटी आणि दारं पण तशीच, वर ऑइल पेंटचे पाच थर असले तरी आतलं लाकूड आज विकत घ्यायला परवडणार नाही. फक्त जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओलं करून काढा आणि लहान मुलांना लांब ठेवा. बाल्कनीवर किंवा छज्ज्याला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते हातोडीने फोडायचे नाहीत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, पाणी मारून आख्खे उतरवायचे.

वाळवीची ट्रीटमेंट तोडफोड झाल्यावर आणि सुतार यायच्या आधी. सिंकखालच्या कपाटाला प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, तो शिक्का प्रत्येक शीटवर बघून घ्या. खिडक्यांचं पाणी मुंबईत नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवं येतं, म्हणून खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि त्याच्या खालून एक बारीक खाच, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता तिथूनच गळून पडतं.

रंग सगळ्यात शेवटी. नव्या गिलाव्याला कमीत कमी सात दिवस पाणी मारायचं आणि मग तो पूर्ण वाळू द्यायचा, ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की पहिल्याच पावसात फुगे आणि पोपडे. शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा, ओल कुठे आहे ते तेव्हाच कळतं, आणि काम दिवाळीनंतर काढा. पण कॅलेंडर समोर ठेवा, कोकणातले रंगारी गणपतीला आणि शिमग्याला गावी जातात, यूपी-बिहारचे लादीवाले आणि सुतार छठला आणि होळीला, आणि गेलेला माणूस सांगितलेल्या तारखेला परत येईलच असं धरून भाडेकराराची शेवटची तारीख लावू नका. आम्ही भाड्याच्या घरात एक महिना जास्तीचा धरला होता तो पूर्ण वापरला.

पैसे कामाच्या टप्प्याने द्या, झालेल्या कामापेक्षा जास्त कधीच हातात देऊ नका, आणि दहा टक्के पहिला पाऊस होईपर्यंत मागे ठेवायचे हे पहिल्या दिवशीच बोलून कागदावर घ्या, शेवटी बोललात तर वाद होतो.

भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मेजरिंग टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाईप किती इंचावर आहे ते दिसेल असा. फोटोवर भिंतीचं नाव लिहून ठेवा, 'किचन, सिंकची बाजू' असं. परवा पाण्याचा फिल्टर लावायला आलेल्या मुलाला मी तो फोटो दाखवला आणि त्याने ड्रिल चार इंच डावीकडे सरकवलं. टाईल घेताना दहा टक्के जास्त आणि सगळी एकाच बॅचची, आणि उरलेली एक पेटी परत करू नका, माळ्यावर ठेवा, वर टाईलचा नंबर लिहून.