थोडे कपडे, पण टिकणारे

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून पैसा आधी सुती कपड्यांवर घाला. चार सदरे आणि गडद, साध्या रंगाच्या दोन पँट पुरतात. कुठलाही सदरा कुठल्याही पँटवर चालतो.

तयार कपडा घेताना उलटा करून शिवण बघा. आत अर्धा इंच तरी माया (शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड) हवी, नाहीतर पुढे उसवून सैल करता येत नाही. कापड आणून शिवणार असाल तर आधी रात्रभर भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर शिलाईही वाया.

गडद कपडे सुरुवातीला दोन-तीनदा वेगळे धुवा. मिठाने रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट साका कपड्यावर बसून पांढरे कपडे मळकट दिसतात. शेवटच्या बादलीत चार चमचे पांढरं व्हिनेगर घालून खळबळा. वाळत घालताना कपडे उलटे करून सावलीत. दुपारचं ऊन रंग खातं.

खळ केलेली साडी मात्र महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका. खळीला कसर लागते. धुवून, खळ काढून, पूर्ण कोरडी करूनच घडी घाला.