लिव्हिंग विलवर सोसायटीत चर्चा ठेवायचीय? मग हे बघा

लिव्हिंग विल म्हणजे, पुढे आपण सांगण्याच्या स्थितीत नसलो तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. पहिलं म्हणजे चर्चेच्या बोर्डावर 'वैद्यकीय नीतिशास्त्र' असलं काही लिहू नका, कोणी फिरकणार नाही. 'व्हेंटिलेटर लावायचा की नाही, कोण ठरवणार?' असं लिहा, बघा हॉल भरतो की नाही.

सुरुवात नर्स अरुणा शानबाग यांच्यापासून करा. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि 2015 पर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षं त्या भान हरपलेल्या अवस्थेत तिथेच होत्या, तिथल्या नर्सेसनी सांभाळलं, आणि 2009 मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांचं फीडिंग बंद करायचा अर्ज आला तेव्हा विरोध त्याच नर्सेसनी केला. इथे थांबा आणि विचारा, निर्णय कोणाचा? नातेवाइकांचा की रोज अंघोळ घालणाऱ्यांचा? लोक आपोआप बोलायला लागतात, खरं तर भांडायलाच लागतात.

वक्ता म्हणून एकटा डॉक्टर नको, एक वकील आणि एक आयसीयूतली नर्स पण बोलवा. वकिलाला एवढंच सांगायला लावा की 2018 ला सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल मान्य केलं, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून फारसं कोणी करत नव्हतं, 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो.

आणि हो, 'म्हणजे इंजेक्शन देऊन मारणार का' हा प्रश्न येणारच, तेव्हा स्पष्ट सांगा की ते आपल्याकडे बेकायदेशीरच आहे, इथे फक्त उपचार नाकारण्याबद्दल बोलतोय.

कुणाच्या घरातली केस सुरू झाली तर माईक हळूच काढून घ्या, चहाच्या वेळी बोलू म्हणावं.