क्लाउडवर नेल्यावर बिलिंग संथ झालं, तेव्हा काय केलं

बिलिंगचं अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर गेलं, डेटाबेस मात्र जुन्या डेटा सेंटरमध्येच होता. पानं उघडायला फार वेळ लागू लागला. सीपीयू निवांत, दोन्हींमधल्या नेटवर्क लाइनवरही ताण नाही. क्वेरी लॉग (डेटाबेसकडे केलेल्या मागण्यांची, म्हणजे क्वेरींची नोंद) पाहिल्यावर उलगडा झाला: एका पानासाठी शेकडो छोट्या क्वेरी एकामागून एक जात होत्या. डेटा सेंटरपर्यंत जाऊन येण्याच्या एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तरी ५०० क्वेरींचे १० सेकंद होतात! मोठा सर्व्हर घेऊन हे अजिबात सुटत नाही. म्हणून डेटाबेसची रेप्लिका (सतत अद्ययावत होणारी प्रत) अ‍ॅपच्याच रीजनमध्ये, म्हणजे क्लाउडच्या त्याच भौगोलिक विभागात, उभी केली. ती पूर्ण जुळल्यावर रात्री नव्या नोंदी थांबवून तिलाच मुख्य केलं. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा; तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा हे ठरवणारा तिचा टीटीएल आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणला होता, म्हणजे नवा पत्ता लवकर लागू होतो. नव्याकडून जुन्या डेटाबेसकडे उलटं रेप्लिकेशनही (नवे बदल सतत तिकडे उतरवणं) चालू ठेवलं, म्हणजे गरज पडल्यास डेटा न गमावता मागे फिरता येतं.