लसूण नूडल्स : करपलेला लसूण आणि चिकट गोळा

सॅन फ्रान्सिस्कोतील व्हिएतनामी उपाहारगृहांमुळे नावारूपाला आलेल्या लसूण नूडल्स घरी करण्याचा माझा प्रयत्न दोनदा फसला. लसूण करपून कडू झाला आणि नूडल्सचा गोळा चाळणीतून अख्खाच्या अख्खा कढईत पडला. लसणाच्या बाबतीत चूक मोठ्या आचेची होती. नूडल्ससारखे पदार्थ धगधगत्या आचेवरच होतात या समजुतीने मी तापलेल्या तेलात लसूण टाकत असे. आता २ चमचे तेल आणि थोडे लोणी गार कढईत घेऊन त्यातच ८-१० बारीक चिरलेल्या पाकळ्या घालतो, मंद आचेवर ठेवतो आणि कडा किंचित पिवळसर होताच गॅस बंद करतो, कारण उरलेल्या उष्णतेवर लसणाचा रंग पुढे चढतच राहतो. साध्या हक्का नूडल्स पाकिटावरील वेळेपेक्षा मिनिटभर आधीच उपसतो आणि अर्धी वाटी शिजवणीचे पाणी राखून ठेवतो. महागड्या ऑयस्टर सॉसऐवजी (कालवांच्या अर्काचा दाट सॉस) १ चमचा सोया सॉस व चिमूटभर साखर पुरते (मीठ मात्र चव पाहूनच घालावे). राखून ठेवलेल्या पिठूळ पाण्याने सॉस नूडल्सला नीट माखतो आणि त्या सुट्या राहतात.