जुन्या गाडीचे हेडलाईट फडफडतायत? बल्ब बदलायच्या आधी हे करून बघा

हेडलाईट फडफडायला लागले की आधी बल्ब बदलायचे, मग बॅटरी, आणि तरी नाही थांबलं तर सरळ अख्खं वायरिंग उपटायच्या गप्पा सुरू. थांबा जरा. पन्नास वर्षं जुन्या गाडीत बल्ब बिचारा क्वचितच दोषी असतो, गडबड बहुतेक वेळा जोडांत असते आणि त्यातही अर्थमधे (म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीला परत जातो त्या जोडणीत). लाईट नेमके कधी आणि कसे फडफडतात हे नीट बघितलं तर निम्मं काम पाना न उचलताच होतं.

एकच हेडलाईट फडफडत असेल तर त्याच बाजूचा होल्डर, कनेक्टर नाहीतर अर्थ, बाकी कुठे बघूच नका. दोन्ही फडफडतायत पण साईड लाईट आणि डॅशबोर्डचे दिवे स्थिर आहेत, म्हणजे हेडलाईट स्विच, डिपर (हाय-लो बीम बदलायचा स्विच) किंवा त्यांच्यामधली वायर. डॅशबोर्डसकट सगळंच मिचमिच करतंय तर चार्जिंग बघा, बॅटरीची टर्मिनल बघा, आणि इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी बघा. खड्ड्यात गेल्यावरच होतं? काहीतरी ढिलं आहे. आणि गाडी डायनॅमोवाली (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) असेल आणि आयडलला लाईट मंद, रेस दिली की उजळ एवढंच होत असेल तर तो बिघाडच नाही, डायनॅमो आयडलला जेमतेम चार्ज करतो, ते तसंच चालायचं.

अजून एक प्रकार म्हणजे लाईट पूर्ण बंद होतात, थोड्या वेळाने आपोआप परत येतात, परत जातात. बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत हेडलाईट स्विचमधेच सर्किट ब्रेकर असतो, तो तापला की तोडतो आणि गार झाला की जोडतो. म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा कुणीतरी जास्त वॅटचे बल्ब घातलेत, किंवा मग ब्रेकरच म्हातारा झालाय. काहीही असो, त्याला बायपास करू नका, आग लागू नये म्हणूनच तो तिथे आहे.

आता मल्टीमीटर काढा. बॅटरी नीट चार्ज असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, आणि अल्टरनेटरवाली गाडी चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.४ च्या आसपास (६ व्होल्टची गाडी असेल तर सगळे आकडे निम्मे धरा). रीडिंग वरखाली नाचत असेल तर बेल्ट, कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर.

खरी मजा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांत वाटेतच गळणारं व्होल्टेज, मोजण्यात आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. लाईट चालू ठेवा, बल्ब जागेवरच असू दे, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा मीटरवर चकाचक दिसतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थवाल्या टर्मिनलला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पिनला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आलं की अर्थ खराब. मग दुसऱ्या टर्मिनलपासून बल्बच्या लाईव्ह पिनपर्यंत मोजा, अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, पण जुन्या गाडीत दीड-दोन व्होल्ट सहज गायब असतात. आणि बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो, त्यामुळे 'जुन्या गाड्यांचे लाईट मंदच असतात' हे म्हणणं बऱ्याचदा या ड्रॉपचंच पाप. ड्रॉप सापडला की टप्प्याटप्प्याने मोजत जा, बॅटरी ते स्विच, स्विचच्या आत-बाहेर, मग डिपर, मग पुढचा कनेक्टर. मीटर लावून ठेवून वायर हलवा, जिथे आकडा उडी मारेल तिथेच चोर.

अर्थ दुरुस्त करताना आधी बॅटरीची अर्थची केबल काढा. मग बोल्ट उघडा, वायरचा लग (टोकाची धातूची चकती) आणि बॉडीची जागा दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. नुसता बोल्ट आवळून काही होत नाही, गंज आतच राहतो. काही गाड्यांत हेडलाईटचा अर्थ तो बसतो त्या वाटीच्या स्क्रूमधूनच मिळतो, त्यामुळे नवीन पेंट मारून आणलेल्या गाडीत लाईट फडफडायला लागतात, पेंट मधे येतो ना! अशा वेळी होल्डरपासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा, कायमची कटकट जाते.

ब्रिटिश गाड्यांत बुलेट कनेक्टर (वायरचं गोळीसारखं टोक नळीत खुपसायचे जोड) असतात, त्यांची नळी आतून गंजते, ती साफ करत बसण्यापेक्षा नवीन घाला. त्यांच्या वायरींचे रंगही लक्षात ठेवा, निळी-पांढरी हाय बीम, निळी-लाल लो बीम, काळी अर्थ. पायाने दाबायचा डिपर असेल तर तो पाणी आणि चिखल खाऊन खाऊन मेलेला असतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खूप वेळा दाबा, नाहीच सुधारला तर बदला. कापडी आवरणाची वायर वाकवल्यावर आवरण तुटत असेल तर टेप गुंडाळू नका, तेवढी वायर पूर्ण बदला, शक्यतो त्याच रंगाची.

एवढं करूनही स्विच गरम होत असेल तर रिले टाका, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर चालणारा आणि बल्बचा मोठा करंट स्वतः जोडणारा स्विच. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे १० अँपिअर, आणि तो सगळा करंट जुन्या स्विचमधून जात असतो. रिलेची ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ बल्बला, ८६ ला जुनी हेडलाईटची वायर आणि ८५ ला अर्थ. हाय आणि लो साठी दोन वेगळे रिले, मेन वायर २.५ स्क्वेअर एमएम, फ्यूज बॅटरीच्या जवळ. ८७ पासून दोन्ही बाजूंना १० अँपिअरचा वेगवेगळा फ्यूज दिला तर एक उडाला तरी रात्री भर रस्त्यात अंधार होत नाही. पॉझिटिव्ह अर्थची गाडी (बॅटरीचं प्लस टर्मिनल बॉडीला जोडलेली) असेल तर आत डायोड असलेला रिले घेऊ नका, साधा घ्या. आणि रिले लावला म्हणून १०० वॅटचे बल्ब घालायचा मोह नको, होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात.

शेवटी रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून आयडलला हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम लावा, हॉर्न मारा, बॉनेटवर थापा मारा. पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून, बॅटरीची केबल काढून एकेका जोडाला हात लावून बघा, जो गरम लागेल तो परत उघडा.